पापणी लवेपर्यंत एक विहीर

पुण्याहून सोलापूरला निघालेल्या माणसाला भिगवण मागे पडले की डुलकी लागते. रस्ता सरळ, ऊन तिरपे, दोन्ही अंगांना ऊस आणि मधूनच केळी. मागची मंडळी तर केव्हाच पेंगलेली. आणि नेमकी तेव्हाच डावीकडे, उसाच्या तुऱ्यांपलीकडे, एक निळसर रेघ दिसू लागते. ती रुंद होते, झाडांआड जाते, पुन्हा येते. डाळज आले. इंदापूर तालुक्यातल्या या गावांची नावेच आकड्यांसकट आहेत: डाळज नंबर एक, डाळज नंबर दोन, डाळज नंबर तीन. आकड्यांची गोष्ट सांगायला याहून योग्य जागा अख्ख्या पुणे जिल्ह्यात सापडायची नाही. तेव्हा गाडी बाजूला घ्या, उतरा. आज पेंगायचे नाही, मोजायचे.

नदीची दरी बघायला आपण एरवी जातो कुठे? जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, खंडाळ्याला. तिथे कठड्याला रेलायचे, उल्हास नदीच्या खोऱ्यात डोकवायचे, पोटात गोळा आला की मागे सरकायचे आणि भाजलेले कणीस घ्यायचे. डाळजला कठडा नाही आणि डोकवायला खोलीही नाही. भीमेने शतकानुशतके घासून जे पसरट खोरे केले, ते काठोकाठ भरलेले आहे. १९८० मध्ये खाली उजनीला धरण पूर्ण झाले आणि पाणी मागे मागे सरकत इथवर आले, इथूनही वर दौंडच्या अंगाला गेले. इकडची माणसे त्याला फुगवटा म्हणतात. खंडाळ्याच्या दरीत नुसती हवा आहे, डाळजच्या दरीत उजनी आहे.

आपण ज्यावर उभे आहोत तो रस्ताही काही गल्लीबोळातला नाही. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ९, आताचा ६५. पुणे, सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत तो ८४१ किलोमीटर जातो आणि थांबतो मछलीपट्टणमला. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६११ मध्ये जिथे वखार घातली ते बंदर. आता समोरचे पाणी कुठे जाते ते बघा. भीमेतून कृष्णेत, कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. आणि कृष्णा समुद्राला मिळते कुठे? त्याच मछलीपट्टणमच्या मुलखात! रस्ता आणि नदी, दोघांनी तिकीट एकाच ठिकाणचे काढलेले. भीमा उगवते भीमाशंकरला. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. पण या बाईने त्याच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. ८६१ किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे अंतर जवळपास सहा वेळा, ती एकटी चालते. मग कृष्णेला गाठून पुढची वाट दोघी मिळून.

हे झाले लांबीचे. आता रुंदी घेऊ, कारण खरी मौज तिथे सुरू होते.

धरण पूर्ण भरले की उजनीचे पाणी सुमारे ३३७ चौरस किलोमीटरवर पसरते. चौरस किलोमीटर म्हटले की डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून एकरात घ्या: ८३ हजार एकर. तरी नाही आले? मग असे करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ११ कोटी २४ लाख माणसे मोजली होती. ती सगळी इथे बोलवा. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतची, तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंतची. पाण्यावर फळ्या टाकल्या आहेत असे समजा आणि प्रत्येकाला सतरंजी पसरायला सांगा. किती मोठी सतरंजी मावेल? सहा फूट बाय पाच फूट! प्रत्येकाला! अख्खा महाराष्ट्र हातपाय ताणून झोपेल आणि वर पाणी प्यायला उठणाऱ्याला पाय ठेवण्यापुरती जागाही उरेल.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. या ८३ हजार एकरांतले नदीपात्र सोडले तर बाकीचे कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर होते. इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड, चारही तालुक्यांतली जमीन यात गेली, नदीकाठची, म्हणजे सगळ्यात चांगली. जुने पळसदेव गाव इथून जवळच पाण्याखाली आहे. तिथले पळसनाथाचे जुने देऊळ पाणी फार उतरले की वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात आले होते. डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूलही याच फुगवट्यात आहे. धरण आले आणि रुळांनाही गाव बदलावे लागले. ज्यांचे घर या आकड्यांत आहे त्यांना सतरंजीची गंमत सांगताना जीभ जरा जपून वापरावी.

आता खोली. उजनीचा एकूण साठा ११७.२३ टीएमसी. हा टीएमसी आपण दर पावसाळ्यात पेपरात वाचतो आणि पान उलटतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट उंच असा एक हौद बांधा. त्याची भिंत शंभर मजली इमारतीएवढी उंच होईल. तो काठोकाठ भरा. झाला एक टीएमसी. असे ११७ हौद एका रांगेत उभे करा, आणि शेवटी एक पाव हौद वरकड ठेवा. हे सगळे पाणी आपल्या समोर इतके शांत पडले आहे की त्यावरून बगळा चालत गेला तरी पटावे.

आणि मोठेपणाचा प्रश्न निघालाच आहे तर हेही ऐका. महाराष्ट्राला मोठे धरण विचारले की सगळे एका सुरात कोयना म्हणतात. कोयनेचा एकूण साठा १०५ टीएमसीच्या आसपास. जायकवाडीचा १०२ च्या वर. उजनी दोघांच्या पुढे! कोयनेला डोंगर आहेत, वीज आहे, नाव आहे. उजनीला सपाट माळ आणि सोलापूर रोड मिळाला, म्हणून कौतुक कमी.

लीटरमध्ये हा साठा भरतो ३ लाख ३२ हजार कोटी. हा आकडा तोंडातून बाहेर पडतो, डोक्यात शिरत नाही. तो शिरावा म्हणून विहिरीकडे चला. तीस फूट व्यासाची, पन्नास फूट खोल, बांधीव, तोंडापर्यंत भरलेली. अशी विहीर ज्याच्या रानात आहे त्याच्या पोरीला स्थळे सांगून येतात. तिच्यात पाणी मावते साधारण दहा लाख लीटर. उजनीत अशा विहिरी किती? तेहतीस लाख! आणि या तेहतीस लाख विहिरी एकीखाली एक अशा खणायच्या ठरवल्या तर? डाळजच्या बांधावर पहिली कुदळ मारायची, खणत खणत पृथ्वीच्या पार पलीकडे बाहेर पडायचे, तिथून उलटे खणत परत डाळजला यायचे, आणि हा सगळा उद्योग पुन्हा एकदा करायचा. पृथ्वीच्या आरपार चार वेळा! तेव्हा कुठे विहिरी संपत येतील.

टँकर जास्त ओळखीचा असेल तर टँकर घ्या. दहा हजार लीटरचा, उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात हॉर्न वाजवणारा. असे ३३ कोटी २० लाख टँकर लागतील. दर सेकंदाला एक टँकर भरून बाहेर काढला, रात्र नाही दिवस नाही, दिवाळी नाही आषाढी नाही, तर साडेदहा वर्षे लागतील. आणि ते उभे कुठे करणार? एक टँकर आठ मीटर लांब धरा आणि बंपरला बंपर लावून ओळ करा. आपला हा सोलापूर रोड चौपदरी आहे. टँकरांचा रस्ता जवळपास सात पदरी होईल, सातही पदर गच्च, आणि तो डाळजहून निघून चंद्रावर संपेल.

पैशात हवे? महामार्गावरच्या हॉटेलात पाण्याची लीटरची बाटली वीस रुपयांना धरा. उजनीचे बिल होईल ६६ लाख ४० हजार कोटी रुपये. २०२५-२६ चा केंद्र सरकारचा अख्खा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. म्हणजे रेल्वे, लष्कर, पगार, पेन्शन, अनुदाने, व्याज असा सगळा देशाचा संसार वर्षभर चालवूनही पंधरा लाख कोटींहून जास्त सुटे परत घ्यायचे राहिले. बाटल्या थंड मागितल्या तर दर वेगळा.

जरा पाण्याच्या कडेला उतरू. वेड्या बाभळीतून वाट काढत, चिखल वाळून भेगाळलेल्या जमिनीवरून. इथे सगळ्यात आधी नजरेत भरतात त्या मोटारी आणि पाइप. काठाशी मोटारींची रांग, प्रत्येकीवर पत्र्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा, लाकडी फळीला ठोकलेला स्टार्टर, आणि काळा पाइप फूटफूट करत वर उसाकडे गेलेला. पाणी उतरले की मोटार खाली न्यायची, पाइप जोडायचा, केबल वाढवायची. पुन्हा उतरले, पुन्हा खाली. पाणी चढायला लागले की तीच वरात उलट्या दिशेने, आणि तीही रातोरात, नाहीतर मोटार पाण्यात. ‘मोटार वर घेतली का?’ हा प्रश्न इथे जुलैत नमस्कारासारखा विचारला जातो.

त्यातली एक मोटार निवडा. सेकंदाला पंधरा लीटर पाणी ओढणारी धरा. तिने एकटीने उजनी उपसायची ठरवली, वरून थेंबभर नवे पाणी आले नाही, तर किती दिवस? दिवस सोडा. सात हजार वर्षे! आणि हे वीज चोवीस तास धरून, धरायला आपले काय जाते म्हणून. शेतीच्या लायनीला आठ तास वीज धरली तर एकवीस हजार वर्षे. आजपासून एकवीस हजार वर्षे मागे गेलात तर पृथ्वीवर शेवटचे हिमयुग ऐन भरात असेल. त्या दिवशी कुणी स्टार्टरचे हिरवे बटण दाबले असते, तर आज मोटार बंद करायला माणूस पाठवावा लागला असता. मधे फ्यूज उडाला नसता तर.

आता उजनीचा खरा चमत्कार. तो गणिताच्या मास्तरांना मुळीच आवडणारा नाही. एकूण ११७ टीएमसीतले ६३.६६ टीएमसी आहे मृत साठा आणि ५३.५७ उपयुक्त. जिवंतापेक्षा मृत जास्त! टक्केवारी धरतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणून मृत साठ्याच्या पातळीला उजनी असते शून्य टक्के, आणि त्याखाली गेली की उणे. धरण शून्याच्या खाली! गावात म्हणतात, ‘उजनी मायनसमध्ये गेली.’ २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली होती. आणि वरच्या बाजूलाही शंभरावर ती थांबत नाही, एकशे अकरा टक्क्यांपर्यंत भरते. उणे साठ ते अधिक एकशे अकरा! शाळेत असे गुण मिळवणाऱ्या पोराचे काय केले असते कोण जाणे.

आणि हा मृत साठा म्हणजे तळाला राहिलेला गाळमिश्रित घोट असेल, असे वाटत असेल तर पुणेकरांनी कान इकडे करावेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. पुण्याचा प्राण ज्या चार धरणांत आहे, त्यांचा उपयुक्त साठा मिळून २९ टीएमसीच्या जरा वर. उजनीचा नुसता मृत साठा त्याच्या दुपटीहून जास्त. एकट्या खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, चौपाटीवर कांदाभजी खात आपण ज्याच्याकडे ‘केवढं पाणी’ म्हणून बघतो तो. असे बत्तीस खडकवासले उजनीच्या शून्य टक्क्यांत मावतात! शून्यात बत्तीस! उजनी शून्यावर आली म्हणून बातमी येते त्या दिवशी तिच्या पोटात हे बत्तीस खडकवासले असतात. मग ती मायनसमध्ये जाते आणि सोलापूरचा जीव टांगणीला लागतो.

उन्हाचाही हिशेब घ्या, तो कुणी देत नाही. भरलेल्या उजनीवरून ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसाला पाच मिलीमीटर पाणी वाफ होऊन गेले असे धरा. पाच मिलीमीटर म्हणजे अर्धा सेंटीमीटर, काठावर बसलेल्या माणसाला कळणारही नाही. पण ३३७ चौरस किलोमीटरवरचा अर्धा सेंटीमीटर भरतो १६८ कोटी लीटर. एका दिवसात! पाइप नाही, मोटार नाही, आकाशाने पाणी उचलले आणि पावतीही दिली नाही. याच आकाशातून हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात, तिबेट-मंगोलियाच्या बाजूने हिमालय ओलांडून आलेले. हिमालयावरून जाताना त्यांची उंची सात हजार मीटरच्या वर मोजली गेली आहे. कळसूबाईवर कळसूबाई अशा चार ठेवल्या तरी पक्षी वरूनच जाणार. एवढे करून येतात आणि भिगवण-कुंभारगावच्या चिखलात चोच खुपसून बसतात. रोहित पक्ष्यांचे फोटो सगळे काढतात, या बदकासारख्या दिसणाऱ्या वीराकडे कुणी बघत नाही, हा माझा जुना राग आहे.

आता रेल्वे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी संपले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. ‘जलदूत’ आठवते ना? पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लीटर. पुढे पन्नास वाघिणींची झाली, एका खेपेला पंचवीस लाख लीटर. टीव्हीवर ती गाडी बघताना छाती भरून आली होती: केवढी ही गाडी, केवढे हे पाणी! आता तीच पन्नास वाघिणींची गाडी उजनीला लावा. रोज एक खेप, रविवारीसुद्धा. उजनी रिकामी व्हायला किती गाड्या? तेरा लाख अठ्ठावीस हजार. किती वर्षे? तीन हजार सहाशे छत्तीस!

तीन हजार सहाशे वर्षे मागे या भीमेच्या खोऱ्यात होते तरी कोण? होते, आणि त्यांचा पत्ता आपल्याला ठाऊक आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे १९६८ पासून पंधरा वर्षे उत्खनन केले आणि शेतकऱ्यांची वस्ती उकरून काढली, इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास वसलेली. त्या लोकांनी पुढे पाणी वळवायला पाट आणि बांधही घातला होता. घोडचे पाणी पुढे भीमेला मिळते आणि उजनीत येते. तर इनामगावचा पहिला शेतकरी पहिल्या झोपडीची जमीन चोपत होता त्या दिवशी पहिली जलदूत सुटली असती, आणि मग रोज एक, सातवाहन आले गेले, यादव आले गेले, मालोजीराजे इंदापूरला आले, शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, पेशवाई बुडाली, रेल्वे खरोखरच आली, तर शेवटची गाडी आत्ता आपल्या डोळ्यांदेखत सुटत असती. एक धरण! एका तालुक्याच्या कडेचे!

आणि हे भरायला किती वेळ लागतो?

उजनीचे पाणलोट क्षेत्र १४,८५० चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे चार गोवे. या चार गोव्यांवर पडलेला पाऊस सगळाच्या सगळा वाहून खाली आला तर अवघ्या साडेबावीस सेंटीमीटरमध्ये उजनी रिकामीची गच्च होईल. घाटमाथ्यावर एवढा पाऊस एका दिवसात पडून जातो आणि तिथले लोक म्हणतात, ‘बरा झाला.’ अर्थात सगळे पाणी येत नाही. काही जमीन पिते, काही वरची धरणे धरून ठेवतात: पवना, चासकमान, भामा आसखेड, डिंभे, माणिकडोह, घोड आणि पुण्याची ती चार. ती भरली आणि सुटू लागली की इंदापूर-करमाळ्याचे कान दौंडकडे लागतात. ‘दौंडवरनं किती येतंय?’ कुणी मोबाइलवर आकडा वाचतो: पन्नास हजार क्युसेक. सत्तर. एक लाख!

थांबा. या एक लाखाला नुसते ‘अरे वा’ म्हणून सोडायचे नाही. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, सेकंदाला २८ लाख ३० हजार लीटर. जलदूत कितीची होती? पंचवीस लाखांची! म्हणजे पन्नास वाघिणींची अख्खी गाडी, इंजिन सोडून, दर सेकंदाला! धाड, एक गाडी. धाड, दुसरी. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत चार गाड्या गेल्या. आणि ती मघाची विहीर, तीस फूट व्यासाची, पन्नास फूट खोल, जी खणताना घरातले दागिने गेले असतील? ती भरायला लागतो सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा. माणसाची पापणी लवायला लागतो तेवढाच. पापणी लवली, विहीर भरली. पुन्हा लवली, दुसरी भरली. दिवसाला ८.६४ टीएमसी! खडकवासला भरायला साडेपाच तास. आणि अख्खी उजनी, तळापासून काठापर्यंत, ज्या उजनीला रोज एक गाडी लावली तर ३,६३६ वर्षे लागत होती, ती भरायला किती? साडेतेरा दिवस! एक पंधरवडाही नाही.

कागदावरची गोष्ट वाटते? २०२४ चा पावसाळा बघा. उन्हाळ्यात उणे साठ, ऑगस्टमध्ये शंभर. मधल्या दोनेक महिन्यांत, त्यातही बरेचसे पाणी शेवटच्या काही आठवड्यांत, सुमारे ८६ टीएमसी. जलदूतच्या नऊ लाख सत्तर हजार गाड्या आल्या आणि एकीनेही शिट्टी वाजवली नाही.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण पायाखाली बघितले आणि राहवेना. आपण उभे आहोत त्या काळ्या खडकावर. रस्ता रुंद करताना कापलेला, गिट्टी करून रस्त्यावरच पसरलेला, धरणाच्या पायात गेलेला, देवळाच्या जोत्यात बसलेला आपला बेसॉल्ट. हा वितळून जमिनीतून बाहेर आला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्याच्या आगेमागे. कसा, का, ते भूगर्भवाल्यांनी ठरवलेले आहे, आपण त्यांचा शब्द प्रमाण मानू आणि मोजत राहू.

साडेसहा कोटी, नेमके घ्यायचे तर सहा कोटी साठ लाख वर्षे म्हणजे मुंबई-पुणे रस्ता आहे असे समजा, दीडशे किलोमीटर. मुंबईला लाव्हा, पुण्याला आज. चालत निघा. पनवेल गेले, खोपोली गेली, घाट चढलात, लोणावळ्याची चिक्की घेतलीत, देहूरोड गेले, माणूस नावाचा प्राणी अजून जन्मायचा आहे. तो येतो तेव्हा पुणे स्टेशन पाऊण किलोमीटरही उरलेले नसते. इनामगावची पहिली झोपडी स्टेशनपासून आठ मीटरवर, म्हणजे एका टँकरच्या अंतरावर. शिवराज्याभिषेक एक पाऊल अलीकडे. आणि उजनी धरण? चार-पाच बोटे. दीडशे किलोमीटर चालून शेवटची चार-पाच बोटे.

आणि लाव्हा किती होता? आजही हा दगड पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि घाटाच्या बाजूला त्याच्या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. एकूण घनफळाचा अंदाज पाच लाख घन किलोमीटरच्या पुढचा. आपण पाच लाखच धरू. सगळ्या भारतावर, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, हा दगड सारखा पसरला तर दीडशे मीटर जाडीचा थर होईल. कुतुबमिनारावर कुतुबमिनार ठेवा, दोन्ही गाडले जातील. उजनी आहे ३.३२ घन किलोमीटरची. म्हणजे या दगडात उजन्या बसतील दीड लाख!

मग तो वाहून न्यायचा तर? गाडी तीच, पन्नास वाघिणींची जलदूत, आता पाण्याऐवजी लाव्हा भरा, वाघिणी वितळणार नाहीत असे रेल्वेकडून लिहून घ्या. वीस हजार कोटी खेपा! रोज एक खेप केली तर ५५ कोटी वर्षे. शेवटचा डायनोसॉर पडला त्याच दिवशी सुरुवात केली असती तरी आजवर आठवा हिस्सासुद्धा वाहून झाला नसता. रोज एक गाडी पुरायचीच नाही. आठ लागतील. दर पावणेतीन-तीन तासांनी एक, साडेसहा कोटी वर्षे, एकही खेप न चुकता, तर शेवटची वाघीण आज संध्याकाळी भरून निघेल.

आणि तीही दौंडला सिग्नलसाठी तासभर उभी राहिली नाही तरच.